तुरीच्या व्यापाऱ्याच्या आवारातली खोली

पार्श्वभूमी

हे प्रकरण आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिणेकडच्या झोम्बा जिल्ह्यातलं. काळ सप्टेंबर २०२२ ते सप्टेंबर २०२४. मी तेव्हा पुण्यात बसून परदेशी गेलेल्या स्वयंसेवकांची समन्वयक होते. म्हणजे महिन्याला एक फोन, तीन महिन्यांनी एक अहवाल आणि मधल्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर जे येईल ते. संस्था, गावं, माणसं यांची नावं दिलेली नाहीत. जिची ही गोष्ट आहे तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो, इथेही ताईच म्हणते. मसुदा तिने वाचला आहे आणि दोन ठिकाणी "असं नव्हतं हं" म्हणत मला दुरुस्त केलं आहे.

ताई लातूर जिल्ह्यातली, वय तेव्हा अडतीस. कृषी पदवी, दहा-बारा वर्षं बचत गट आणि शेतकरी कंपन्यांचं काम. घरची कोरडवाहू जमीन, त्यात सोयाबीन आणि तूर.

मलावीत तुरीला नांडोलो म्हणतात. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत ती मक्यात आंतरपीक म्हणून घेतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसावर पेरणी, जुलैपासून पुढे काढणी. आपल्या अगदी उलट ऋतूत. गावात डाळ करून खायची पद्धत फारशी नाही. ओल्या शेंगा उकडून रस्त्याकडेला विकतात, वाळलेले दाणे अख्खे शिजवतात. डाळ होते ती लिंबे-ब्लान्टायरच्या गिरण्यांत, आणि बरीचशी तूर शेवटी भारतात येते. २०२१ मध्ये भारताने मलावीकडून पाच वर्षं दरवर्षी ५०,००० टन तूर घेण्याचा करार केला. त्या पार्श्वभूमीवर तीन शेतकरी गटांना बियाणं, साठवण आणि एकत्र विक्री यांत मदत करायची, असं ताईचं काम ठरलं. कागदावर याहून चांगली जोडी सापडली नसती. तुरीच्या गावची बाई तुरीच्या गावात चालली होती.

राहायची सोय आम्हीच केली. झोम्बा शहरात तीन पिढ्यांपासून स्थायिक असलेलं एक गुजराती कुटुंब, हार्डवेअरचं दुकान, मोठं आवार, भिंतीवर काचा, फाटकावर रखवालदार. आवारात मागच्या बाजूला स्वयंपाकघर आणि न्हाणीघरासकट एक खोली. सुरक्षेच्या फॉर्मवरच्या सगळ्या चौकटींत बरोबरची खूण झाली. "आपली माणसं आहेत, जेवणाखाण्याचे हाल होणार नाहीत," हे वाक्य मीच तिच्या आईला फोनवर ऐकवलं होतं.

अडचण

पहिले दोन महिने फोनवर सगळं छान होतं. राजधानी लिलाँग्वेत तीन आठवड्यांचा चिचेवाचा, म्हणजे तिथल्या भाषेचा, वर्ग झाला होता. झोम्ब्यात जॅकरंडा फुलला होता, त्याचे फोटो यायचे. न्सिमा म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, ती हाताने गोळी करून खायची, हे तिला लगेच जमलं. भोपळ्याच्या पानांची भाजी तिथे शेंगदाण्याचं कूट घालून करतात हे कळल्यावर तिने मला रात्री अकरा वाजता मेसेज केला होता: "कूट! अगं, कूट घालतात!"

मग मेसेज आखूड होत गेले. गटांच्या बैठकीला माणसं येत, नमस्कार-चमत्कार नीट होत, पण तुरीचा विषय निघाला की शांतता. किती पिकली? "थोडी." कुणाला विकली? "व्यापारी आले होते." काय भावाने? यावर कुणीतरी हसायचं आणि कुणीतरी मुलाला हाक मारायचं. तीन गटांतून तीन महिन्यांत तिला एकाही घरची खरी आकडेवारी मिळाली नाही. तिकडे मी पुण्याहून विचारत होते की पहिल्या तिमाहीचा तक्ता कधी येतोय.

दोन बारीक गोष्टी याच काळातल्या. आपल्या तू-तुम्हीसारखं चिचेवात इवे आणि इनू असतं. वर्गात तिला इनूच शिकवलं होतं, पण फाटकाबाहेरची पोरं एकमेकांना दिवसभर इवे, इवे करायची. ते तिच्या जिभेवर बसलं आणि एका गावच्या मुखियाला तिने भर बैठकीत इवे म्हटलं. कुणी काही बोललं नाही. तिच्याबरोबर काम करणाऱ्या स्थानिक सहकारी बाईंनी परतीच्या वाटेवर, मिनीबसमध्ये, हळूच सांगितलं.

दुसरी गोष्ट जड. डिसेंबरमध्ये त्याच सहकारी बाईंचे चुलते वारले. मलावीत मालिरो, म्हणजे मयत, ही गावाची गोष्ट असते. कचेऱ्या ओस पडतात, बायका चितेंजे, म्हणजे लुंगीसारखं कापड, गुंडाळून आत जमिनीवर बसतात, पुरुष बाहेर, रात्र जागवतात, प्रत्येक घरातून पीठ-लाकूड-पैसे येतात. कुणाच्या मयतीला कोण आलं हे वर्षानुवर्षं लक्षात राहतं. आपल्याकडेही "लग्नाला नाही आलं तरी चालेल, मयतीला यावं" म्हणतातच. ताईला हे माहीत होतं. तरी ती गेली नाही, कारण दुसऱ्या दिवशी माझ्याकडे अहवाल पाठवायचा होता. तिने पैसे पाठवले, लिफाफ्यातून.

जानेवारीत खरं कारण उघड झालं. एका गटातल्या म्हाताऱ्या बाईने सहकारी बाईंना विचारलं, "या म्वेन्ये बाईला आमचा भाव कशाला हवाय? तिच्या मालकाला सांगायला?"

म्वेन्ये म्हणजे भारतीय वंशाचा माणूस. अनेकवचन अम्वेन्ये. या शब्दात शिवी नाही, पण मनात जे चित्र उभं राहतं ते दुकानदाराचं. त्याला इतिहास आहे. राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडांच्या राजवटीत, १९७०च्या दशकात, आशियाई व्यापाऱ्यांना खेड्यांतली दुकानं बंद करून मोजक्या शहरांत यावं लागलं. त्यानंतर खेड्यातल्या माणसाची भारतीयाशी गाठ पडते ती बहुधा गल्ल्याच्या किंवा वजनकाट्याच्या पलीकडे. त्यात ताई राहत होती त्या कुटुंबातला एक भाचा हंगामात लिंबेच्या गिरणीसाठी नांडोलो खरेदी करायचा. त्याचा पांढरा पिकअप आठवड्यातून दोनदा ताईला गावच्या फाट्यावर सोडायचा. तेवढाच मिनीबसचा त्रास वाचे. म्हणजे गावाने पाहिलं काय? व्यापाऱ्याच्या गाडीतून एक म्वेन्ये बाई उतरते, खुर्चीवर बसते, वही काढते आणि विचारते, तूर किती, भाव काय.

मी हे तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा क्षणभर हसू आलं होतं. मग नाही आलं.

फेब्रुवारीत तिला मलेरिया झाला. त्या चार दिवसांत याच कुटुंबातल्या आजींनी तिला मुगाची खिचडी भरवली, रात्री उठून ताप पाहिला, गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या. पुढचं वाचताना हे विसरू नये. त्या घराचं चुकलं असं या प्रकरणात कुठेही म्हणायचं नाही.

२७ फेब्रुवारीला तिचा ईमेल आला. तीन ओळी. "मी इथे उपयोगाची नाही. त्यांना मी नको आहे आणि त्यांचं बरोबर आहे. परतीचं तिकीट कधीचं मिळेल?"

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तिचाच, परत येण्याचा. करारात त्याला मुभा होती, आणि सहा महिन्यांच्या आत परतणारे स्वयंसेवक मी आधीही पाहिले होते. दुसरा, जागा बदलून लिलाँग्वेच्या कार्यालयात बसण्याचा. आमच्या वरिष्ठांना तो सर्वांत आवडला होता, कारण त्यात कुणाचीच हार दिसत नव्हती. ताईने एका वाक्यात उडवून लावला: "टेबलावर बसायला मी लातूर सोडलं नाही." तिसरा पर्याय सहकारी बाईंनी सुचवला. फाट्यावरच्या बाजारपेठेत त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. पत्र्याचं छप्पर, वीज कधीमधी, पाणी सामाईक हातपंपाचं, संडास बाहेर. भिंत नाही, रखवालदार नाही.

तिसऱ्या पर्यायाला मी विरोध केला. मनातलं कारण सुरक्षा होतं असं मी तेव्हा म्हणायचे. आज वाटतं, निम्मं कारण फॉर्म होता. त्या घराला आमच्या फॉर्मवर अकरापैकी चार खुणा मिळत होत्या, आणि उद्या काही झालं तर सही माझी होती.

चौथा पर्याय होता तो कुणीच कागदावर मांडला नाही. घर तेच ठेवायचं, पण त्या पिकअपमधून उतरणं बंद करायचं आणि गटांना स्पष्ट सांगायचं की मी कुठे राहते आणि का. कदाचित तेवढ्याने भागलं असतं. ताईला तसं वाटत नाही. तिचं म्हणणं, खुलासा करायला माणूस आधी ऐकून घेण्याइतका जवळचा लागतो.

काय घडलं, काय केलं

तिकिटाची तारीख ठरायच्या आत, १२-१३ मार्चला, फ्रेडी चक्रीवादळ शेजारच्या मोझांबिकच्या किनाऱ्यावर दुसऱ्यांदा आदळून दक्षिण मलावीवर येऊन बसलं. ब्लान्टायरच्या डोंगरउतारावरच्या वस्त्या चिखलाखाली गेल्या, देशात हजाराहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. झोम्ब्यातही घरं पडली, मक्याची उभी शेतं आडवी झाली. शाळांच्या छावण्या झाल्या. ताईच्या एका गटातली निम्मी घरं अशाच एका शाळेत आली आणि ती तिथे गेली, कारण त्या आठवड्यात दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिथे मका आणि घेवडा आला. भिजलेला, खडे-कचरा मिसळलेला. बायका व्हरांड्यात बसून तो लिचेरोत पाखडत होत्या. लिचेरो म्हणजे बांबूचं पसरट गोल सूप. ताई जवळ उभी होती, हातात वही नव्हती. एका बाईचं मूल रडायला लागलं म्हणून ती उठली, तशी ताई तिच्या जागेवर चटईवर बसली आणि लिचेरो उचललं. आपलं सूप एका बाजूने उघडं, हे सगळीकडून बंद. पहिल्या दोन झटक्यांत दाणे अंगावर आले. मग मनगटाची लय सापडली. फोल पुढे उडालं, खडे मागे राहिले. तिच्या म्हणण्याप्रमाणे व्हरांडा एकदम गप्प झाला आणि मग कुणीतरी मोठ्याने हसलं. म्वेन्ये पाखडते!

त्या दुपारी, पाखडता पाखडता, त्याच म्हाताऱ्या बाईने तिला थेट विचारलं, "ज्या वर्षी तुमच्या देशाने आमचा नांडोलो घेतला नाही, त्या वर्षी का घेतला नाही?"

ते वर्ष २०१७. त्या ऑगस्टमध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली आणि पूर्व आफ्रिकेतले भाव कोसळले. मलावीत त्या हंगामात कित्येकांची तूर घरातच राहिली. आणि ताईला आठवलं ते त्याच वर्षीचं लातूर. आदल्या हंगामात तूर अमाप पिकली होती. हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये, बाजारात त्याच्या कितीतरी खाली. सरकारी खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना नाही म्हणून काटा बंद. तिचे वडील आठ दिवस रांगेत होते. रात्री ट्रॉलीखाली झोपायचे, भाऊ डबा घेऊन जायचा. शेवटी त्यांनी तूर परत आणली आणि व्यापाऱ्याला दिली.

तिने हे मोडक्या चिचेवात सांगितलं. बारदान्याला शब्द सापडेना म्हणून शेजारचं रिकामं पोतं उचलून दाखवलं. सहकारी बाईंनी उरलेलं भाषांतर केलं, आणि काही बायकांनी ते पुन्हा आपसात चियाओत, म्हणजे याओ लोकांच्या भाषेत, सांगितलं. त्यांच्या घरांत चियाओ बोलतात हे तोवर आमच्या कुठल्याच अहवालात नव्हतं. म्हाताऱ्या बाईने विचारलं, "तुझ्या बापाची पण राहिली?" ताई म्हणाली, "राहिली." तिला वडिलांबद्दल असं एकेरीत विचारलेलं त्या दिवशी गोड वाटलं.

एप्रिलमध्ये ती फाट्यावरच्या दोन खोल्यांत राहायला गेली. मी फॉर्मवर "अपवाद" लिहून सही केली. दाराला कडी नवी बसवली, मच्छरदाणी दुहेरी केली, रात्रीसाठी शेजारच्या तरुण मुलाला थोडे पैसे ठरवले, सौर कंदील घेतला. सुरक्षेचा खरा बंदोबस्त मात्र दारावरच्या हाकांचा होता. तिथे दार वाजवत नाहीत, बाहेर उभं राहून "ओडी!" म्हणतात आणि आतून "ओडीनी!" आल्यावरच पाऊल टाकतात. सकाळपासून रात्रीपर्यंत इतक्या ओडी यायच्या की दोन तास ताई दिसली नाही तर गल्लीला कळायचं. या एकांत नसण्याने तिचं डोकं उठायचं हेही खरं. जूनमधल्या एका फोनवर ती रडली, आणि कारण एवढंच होतं की आठवडाभर तिला दार लावून एकटं बसता आलं नव्हतं. मग रविवार ठरला. रविवारी ती शहरात त्या गुजराती घरी जायची, आजींबरोबर जेवायची, दुपारभर झोपायची. जाताना कबाझाने, म्हणजे सायकल टॅक्सीने. पिकअप नाही.

जूनमध्ये सहकारी बाईंच्या सासूबाई गेल्या. या वेळी ताई चितेंजे गुंडाळून दोन रात्री आत बायकांत बसली, चुलीजवळ भांडी घासली. मला तिने आधी कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला: "अहवाल उशिरा येईल. मयत होती." मी "ठीक" लिहिलं.

कामाची गाडीही मग हलली, पण सावकाश. पहिलं ठोस पाऊल गटानेच सुचवलं, ते म्हणजे स्वतःचा काटा. फिरते व्यापारी काटा मारतात ही तक्रार जुनी होती, पण सिद्ध कशी करणार? ताईने लातूरच्या मोंढ्यात पाहिलेली साधी युक्ती वापरली. दोन-दोन लिटरच्या पाच बाटल्या पाण्याने काठोकाठ भरल्या, एका पोत्यात घातल्या. दहा किलो. गटाने वर्गणी काढून घेतलेल्या ताणकाट्यावर दहा दिसले. मग एका खरेदीदाराच्या काट्यावर टांगल्या, तर साडेआठ. तो खरेदीदार काट्यात बिघाड झाला असं म्हणून निघून गेला. पुढच्या आठवड्यात दुसरा आला, त्याने गटाचा काटा मान्य केला.

परिणाम

२०२३च्या हंगामात तीनपैकी एका गटाने एकत्र तूर विकली. दुसऱ्याने निम्मी विकली आणि पैशांच्या वाटपावरून भांडण होऊन तो फुटला. तिसरा कधी जमलाच नाही. ताई तो दोष आजही स्वतःकडे घेते. मला त्यात ते गाव शहराला खेटून असल्याचा भाग जास्त दिसतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचाचं, म्हणजे मलावीच्या चलनाचं, अवमूल्यन झालं. डॉलरला साधारण १,१८० असलेला दर १,७०० झाला. ताईचा भत्ता क्वाचात ठरलेला होता. तेल, साखर, मिनीबसचं भाडं सगळं वर गेलं, भत्ता तिथेच. आम्ही तिला भत्ता डॉलरमध्ये मागून घे म्हणून सुचवलं. सहकारी बाईंचा पगार क्वाचातच आहे आणि त्यांना तीन मुलं आहेत, असं म्हणून ती नको म्हणाली. मला ते पटलं नव्हतं, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. तिचे स्वतःचे एलआयसीचे हप्ते थकले आणि ते भावाने भरले. त्याग कुणाच्या खिशातून होतोय हेही पाहायला हवं.

ती दोन वर्षं पूर्ण करून आली. परतल्यावरचे तीन-चार महिने मलावीतल्या पहिल्या तीन-चार महिन्यांइतकेच वाईट गेले, असं ती सांगते. लातूरच्या घरात कुणी हाक न मारता आत आलं की चिडायची.

आज वेगळं काय केलं असतं

घराची निवड आम्ही आमच्या धास्तीने केली आणि तिच्या आईला सोयीची म्हणून सांगितली. "आपली माणसं" म्हणताना आपली म्हणजे कुणाची, आणि गावाच्या नजरेत ती कोण, हे आम्ही एकदाही विचारलं नाही. स्थानिक सहकाऱ्यांना पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. त्या बाई नंतर मला म्हणाल्या, तुम्ही विचारलं नाही, आणि ठरलेल्या गोष्टीवर पाहुण्याला बोलणं बरं दिसत नाही. आज पुन्हा वेळ आली तर पहिला भाडेकरार मी एक महिन्याहून जास्त करणार नाही.

पहिल्या तिमाहीत आकडे मागणं ही माझी चूक. पेरणी ते काढणी आठ महिने लागणाऱ्या पिकाच्या गावात मी तिसऱ्या महिन्यात उत्पन्नाचा तक्ता मागत होते, आणि तोही अशा गावात जिथे उत्पन्न विचारणारा माणूस म्हणजे खरेदीदार. डिसेंबरची मयत त्या तक्त्यापायी चुकली.

ताईच्या बाजूने ती दोन गोष्टी सांगते. खुर्ची पहिल्या दिवशीच नाकारायला हवी होती. पाहुण्याला खुर्ची देणं हा मान असतो, पण बायका चटईवर असताना आपण वर बसून वही काढली की ती बैठक राहत नाही, चौकशी होते. आणि तीन आठवड्यांच्या चिचेवाने आपल्याला भाषा आली असं समजायला नको होतं.

एका बाबतीत आमचं जुळत नाही. ती म्हणते वादळ आलं नसतं तर ती परत आली असती, म्हणजे बाकीचं सगळं नशीब. मला इतक्या माणसांच्या मरणाला कुणाच्या रुळण्याचं निमित्त म्हणणं जड जातं. शिवाय फाट्यावरच्या खोल्या सहकारी बाईंनी वादळाच्या आधीच पाहून ठेवल्या होत्या आणि घरमालकाशी बोलूनही ठेवलं होतं. यावर ती नुसती "हं" म्हणते.

झोम्ब्याला पुढचा स्वयंसेवक गेला तेव्हा मी समन्वयाच्या कामात नव्हते. ताईच्या खोल्यांचा प्रस्ताव फाइलमध्ये होता, माझं टिपण सोबत. फॉर्ममध्ये आता बारावी चौकट वाढली आहे: आवाराला किमान दोन मीटरची भिंत. त्याला शहरातल्या त्याच आवारात खोली मिळाली. आजींनी मुगाची खिचडी केली होती, असं त्याने पहिल्या अहवालात लिहिलं आहे.